पाच रुपयांची पुडी

२०२५ सालच्या २२ सप्टेंबरपासून वस्तू व सेवा कराचे नवे दर अमलात आले, तेव्हा वृत्तपत्रांतून जल्लोषाचे मथळे झळकले. त्या गदारोळात एका बाबीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. वेष्टनबंद नमकीन, भुजिया, तऱ्हेतऱ्हेची फरसाणे आणि यंत्रात फुगवून तिखटमीठ लावलेले खारे पदार्थ यांवरील कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आणण्यात आला. यांपैकी फुगवलेल्या पदार्थांवरचा कर आदल्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अठरावरून बारावर आला होता. म्हणजे अवघ्या वर्षभरात अठराचे पाच झाले. सर्वसामान्यांच्या घरखर्चाला दिलासा, असे या सवलतीचे वर्णन करण्यात आले. हा दिलासा नेमका कोणाच्या घराला मिळाला आणि त्याची किंमत कोणाच्या पोटाने मोजायची आहे, हा प्रश्न आम्हांला विचारावासा वाटतो.

विशेष म्हणजे हा प्रश्न प्रथम आम्ही विचारलेला नाही. २०२५ च्या जानेवारीत याच सरकारने संसदेपुढे जी आर्थिक पाहणी ठेवली, तीत अतिप्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांविषयी स्पष्ट शब्दांत चिंता व्यक्त झाली आहे. देशातील अशा पदार्थांची उलाढाल २००६ साली सुमारे ९० कोटी डॉलर होती, ती २०१९ साली ३,७०० कोटी डॉलरांच्या वर गेली, असा आकडा त्या पाहणीतच आहे. या पदार्थांवर, विशेषतः जाहिरातबाजी करून विकल्या जाणाऱ्या मालावर, आरोग्यकर म्हणून अधिक दराने कर बसवण्याचा विचार व्हावा, अशी सूचनाही तीत आहे. जानेवारीत कर वाढवण्याचा सल्ला आणि सप्टेंबरात तो निम्म्याहून कमी करण्याचा निर्णय! सरकारी अर्थतज्ज्ञ काय लिहितात हे सरकारातील मंडळी वाचत नसावीत, किंवा वाचून बाजूला ठेवत असावीत. दोहोंपैकी अधिक वाईट कोणते, हे वाचकांनीच ठरवावे.

मेळघाटात जा, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर जा, तळोदा-अक्कलकुव्याच्या आठवडे बाजारात जा, किंवा मुंबईच्या एखाद्या झोपडवस्तीतील बोळात उभे राहा. दृश्य एकच दिसेल. टपरीच्या दर्शनी बाजूस चकचकीत पुड्यांच्या माळा लोंबत असतात. लाल, हिरव्या, निळ्या. दुकानात डाळ असेल-नसेल, गूळ संपला असेल, अंडी तर ठेवलेलीच नसतील. पण माळा भरलेल्या असतात. पिण्याच्या पाण्याचा टँकर जेथे आठवड्यातून एकदा येतो, त्या गावातही या पुड्यांचा पुरवठा खंडित होत नाही. वितरणव्यवस्था म्हणजे काय असते, हे शिकायचे असेल तर आमच्या अन्नपुरवठा खात्याने या कंपन्यांकडे उमेदवारी करावी.

प्रथम मिरचीची बाजू मांडली पाहिजे, कारण या प्रकरणात नसता आळ तिच्यावर येतो. मिरची ही मूळची आपली नव्हे. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ती आली आणि बघता बघता महाराष्ट्रातील श्रमजीवी माणसाच्या ताटात ठाण मांडून बसली. ती रुजली ती चैनीसाठी नव्हे. ज्याच्याकडे भाकरीबरोबर खायला काही नाही, त्याची कोरडी भाकर ठेच्याच्या बोटाने गळ्याखाली उतरते. तिखट हे दारिद्र्याचे कोरड्यास आहे. आता वैद्यकशास्त्र काय म्हणते ते पाहावे. तिखट खाल्ल्याने पोटात व्रण होतो, ही घरोघर सांगितली जाणारी समजूत खरी नाही. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात दाखवून दिले की बहुतेक व्रणांचे मूळ एका जिवाणूत असते. त्यासाठी त्यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक हे दुसरे मोठे कारण. चीनमध्ये सुमारे पाच लाख माणसांची वर्षानुवर्षे पाहणी करून २०१५ साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात रोज तिखट खाणाऱ्यांचे मृत्युमान उलट काहीसे कमीच आढळले. अर्थात तिखटानेच ते कमी झाले असे त्यावरून सिद्ध होत नाही. ज्याला आम्लपित्ताचा किंवा जठरदाहाचा विकार आहे त्याला मिरची त्रास देते, लहान मुलाच्या कोवळ्या पोटात तिने जळजळ होते, ढाळ होतात, हेही खरेच. पण घरच्या ठेच्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून खऱ्या गुन्हेगाराला मोकळे सोडणे योग्य होणार नाही.

खरी गोष्ट अशी की पुडीतले तिखट हे एक सोंग आहे. त्याच्या आड जे दडले आहे ते मीठ, तेल आणि पीठ. मका व तांदूळ यांचा भरडा यंत्रात प्रचंड दाबाखाली तापवतात आणि साच्याच्या भोकातून बाहेर ढकलतात. बाहेर पडताच आतल्या पाण्याची वाफ होते आणि पदार्थ फुगतो. मग तो तळतात अथवा त्यावर तेल फवारतात, आणि त्या तेलावर मिठाची, लाल तिखटाची, आंबट चवीच्या आम्लाची आणि चव वाढवणाऱ्या क्षारांची पूड चिकटवतात. धान्यातला कोंडा, अंकुर, चोथा यांतले काही फारसे उरत नाही. असा पदार्थ जिभेवर ठेवताच विरघळतो. चावावा लागत नाही, म्हणून पोट भरल्याची वर्दी मेंदूला वेळेवर पोचत नाही. तिखटाने जीभ चाळवते, मिठाने तहान लागते, आंबटाने तोंडाला पाणी सुटते आणि हात पुन्हा पुडीत जातो. हे आपोआप घडत नाही. ते तसे घडावे म्हणून पगारी तज्ज्ञांनी केलेली ही योजना आहे.

हा केवळ आमचा तर्क नव्हे. ब्राझीलच्या साओ पावलो विद्यापीठातील कार्लोस मोंतेरो यांनी २००९ साली अन्नाची विभागणी त्यातील घटकांवरून न करता त्यावरील प्रक्रियेवरून करण्याची कल्पना मांडली, तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. पुढे २०१९ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस माणसांना संस्थेतच ठेवून एक प्रयोग केला. दोन आठवडे कारखान्यातील अतिप्रक्रियित अन्न, दोन आठवडे साधे अन्न. दोन्ही वेळी समोर ठेवलेल्या ताटातील उष्मांक, साखर, स्निग्धांश, मीठ, चोथा सारखेच. खायचे किती ते ज्याचे त्याने ठरवायचे. कारखानी अन्नाच्या दिवसांत माणसे रोज सुमारे पाचशे उष्मांक अधिक खाऊ लागली आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलोने वाढली. प्रयोग लहान होता, हे मान्य. पण 'खाणाऱ्याने जिभेवर ताबा ठेवावा' असे म्हणणाऱ्या नीतिवाद्यांचे तोंड बंद करण्यास तो पुरेसा आहे.

आता हिशेब मांडू. तळलेल्या बटाटा-कापांच्या शंभर ग्रॅमांत तेहतीस-पस्तीस ग्रॅम चरबी आणि साधारण साडेपाचशे उष्मांक असतात. मसालेदार प्रकारात मीठ दोन ग्रॅमांच्या आसपास जाते. पाच रुपयांच्या पुडीत माल भरतो वीस ग्रॅम, कधी त्याहूनही कमी. किंमत छापील पाचच राहते, वजन मात्र गुपचूप घटत जाते. चार वर्षांच्या पोराने दिवसात अशा तीन पुड्या खाल्ल्या, तर त्याच्या दिवसभराच्या गरजेच्या जवळजवळ चौथा हिस्सा उष्मांक त्याला मिळाले. भूक मेली. पण प्रथिने मिळाली अवघी चार ग्रॅम. लोह, जीवनसत्त्वे जवळजवळ नाहीतच. संध्याकाळी आई भाकरी-वरण पुढे ठेवते तेव्हा पोर तोंड फिरवते. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात; मूठभर शेंगदाण्यांतही तितकी किंवा थोडी अधिकच.

आणि पैशाचे काय? वीस ग्रॅमला पाच रुपये म्हणजे किलोला अडीचशे रुपये झाले. मक्याचा किमान आधारभूत भाव २०२५-२६ या हंगामासाठी क्विंटलला २,४०० रुपये, म्हणजे किलोला चोवीस रुपये होता. तोही शेतकऱ्याच्या हाती पूर्ण पडतो असे नाही. शेंगदाणेसुद्धा किराणा दुकानात अडीचशेहून स्वस्त मिळतात. पुडी स्वस्त आहे, हाच मोठा भ्रम आहे. ती स्वस्त नाही, ती लहान आहे. ज्याच्याजवळ एका वेळी पाचच रुपये असतात, त्याला लहान गोष्ट स्वस्त वाटते. आणि या देशात अशा माणसांची संख्या किती आहे हे कंपन्यांना नियोजन आयोगाहून अधिक अचूक कळलेले होते.

तेलाविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. १९७२ नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा रास्त भावाने खाद्यतेल मिळावे ही त्यांची एक मुख्य मागणी होती. पुढे १९८६ साली तेलबियांचे अभियान सुरू झाले आणि १९९० च्या सुमारास देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. १९९४ साली पामतेलाची आयात खुली झाली आणि ते सारे वाहून गेले. आज आपल्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते व त्यात पामतेलाचा वाटा सर्वांत मोठा आहे. ते गोठते, टिकते, स्वस्त पडते, म्हणून कारखानदारांचे लाडके. त्यातील जवळपास निम्मा भाग संपृक्त चरबीचा असतो. मराठवाड्यातील करडई आणि खानदेशातील भुईमूग शेतातून कमी कमी होत गेले, आणि इंडोनेशिया-मलेशियाच्या मळ्यांतील तेल आमच्या पोरांच्या बोटांना चिकटू लागले. घातक कृत्रिम स्निग्धांशावर २०२२ च्या आरंभापासून दोन टक्क्यांची मर्यादा आली, हे चांगले झाले. तळणीचे तेल किती वेळा वापरावे याचाही नियम २०१८ पासून आहे. परंतु नाक्यावरच्या कढईपर्यंत तो पोचल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

रंगांची कथा तर वेगळ्याच वर्गाची आहे. २००३ ते २००५ या काळात युरोपात सुदान नावाचा कारखानी रंग मिसळलेली मिरचीपूड सापडली. ती भारतातून गेली होती. एकट्या ब्रिटनमध्ये शेकडो पदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. तिकडे घबराट उडाली, इकडे मात्र त्याच पुडीचे काय, असे फारसे कोणी विचारले नाही. सहा कृत्रिम रंगांबाबत ब्रिटनमधील एका अभ्यासाने २००७ साली मुलांच्या चंचलतेशी संबंध दाखवला आणि २०१० पासून युरोपात अशा मालावर तसा इशारा छापावा लागतो. त्या सहांपैकी चार रंग आपल्याकडे परवानगीच्या यादीत आहेत. इशारा मात्र नाही. नावाजलेल्या पुडीवर रंगाचा क्रमांक निदान बारीक अक्षरांत छापलेला असतो. तालुक्याच्या गावी पत्र्याच्या शेडमध्ये तयार होणाऱ्या, आत प्लॅस्टिकचे खेळणे घातलेल्या बिननावाच्या पुडीवर तेही नसते, आणि सर्वांत गरीब पोर तीच विकत घेते.

परिणाम डोळ्यांसमोर आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत पाच वर्षांखालील मुलांपैकी ५८.६ टक्के रक्तक्षयग्रस्त होती. २०१९-२१ च्या फेरीत ते प्रमाण ६७.१ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रात ते ६८.९ टक्के होते आणि ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुरटलेली होती. सहा महिने ते दोन वर्षे या वयातील पुरेसा आहार मिळणारी मुले देशात शंभरात जेमतेम अकरा. दुसऱ्या टोकाला, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार प्रौढांपैकी ११.४ टक्के मधुमेही आणि ३५.५ टक्के उच्च रक्तदाबाचे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितले की देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार सदोष आहारामुळे आहे. हे सारे पुडीनेच केले, असे आम्ही म्हणणार नाही. तो अतिरेक होईल. परंतु बालपणी कुपोषित राहिलेले शरीर मोठेपणी चरबी व मीठ यांना लवकर बळी पडते, हे आता मान्य झालेले शास्त्र आहे. एकाच माणसाच्या आयुष्यात आधी उपासमारीचा आणि मग श्रीमंतांचा म्हणून ओळखला जाणारा रोग यावा, ही आमच्या विकासाची खास देणगी म्हणावी लागेल.

अशा वेळी शहरी सुशिक्षितांकडून ठरीव उत्तर येते: आयांना समजत नाही, त्यांचे प्रबोधन करा. हे उत्तर आम्हांला संतापजनक वाटते. पहाटे चार वाजता कोयता घेऊन उसाच्या फडात उतरणारी स्त्री कोपीत चूल कधी पेटवणार? वीटभट्टीवर पाठीशी पोर बांधून विटा वाहणाऱ्या बाईने त्याच्या रडण्यावर काय उपाय करावा? मुकादमाकडून उचल घेतलेली असते, उसंत घेतलेली नसते. पाच रुपयांची पुडी अर्धा तास शांतता विकत देते. ती आई अडाणी नाही. तिच्या हातात असलेल्या पर्यायांपैकी तिने एक निवडला आहे. दुसरा पर्याय तिच्या हाती येऊ न देण्याचे काम मात्र रीतसर चालू आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे अथवा केळे देण्याचे ठरवले होते. २०२५ च्या जानेवारीत त्या अंड्याचा निधी बंद करण्यात आला. बचत किती, तर वर्षाला सुमारे पन्नास कोटी! जानेवारीत अंडे गेले आणि सप्टेंबरात पुडीचा कर उतरला. याच राज्यातील अंगणवाडी सेविकांना मानधन व निवृत्तिवेतनासाठी २०२३ च्या डिसेंबरापासून कित्येक आठवडे संपावर बसावे लागले होते, हेही विसरता कामा नये. ज्या बाईने गावाला आहार शिकवायचा, तिच्याच ताटाची ही कथा.

कर कमी झाल्याने लघुउद्योजकांचा, महिला बचत गटांचा फायदा झाला, असा एक युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्याचा अंश आहे, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. सांगलीचे भडंग, नाशिकचा चिवडा करणारे शेकडो कारागीर आहेत; त्यांच्या कढईवर नांगर फिरवा असे आम्ही म्हणणार नाही. पण वर्षाला चाळीस लाखांच्या आतील मालाची विक्री करणाऱ्या उत्पादकाला हा कर मुळातच द्यावा लागत नाही, आणि सुटे फरसाण पूर्वीपासून पाच टक्क्यांतच होते. बारा आणि पाच यांतील जो फरक लहान दुकानदाराला थोडेसे अंतर राखून देत होता, तोच पुसला गेला. लाभ कोणाला झाला, हे ज्याचे त्याने पाहावे.

चिलीचे उदाहरण आमच्या वाचकांना जवळचे वाटेल. साल्वादोर आयेंदे हे पेशाने डॉक्टर. १९७० साली ते राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा प्रत्येक मुलाला रोज अर्धा लिटर दूध देण्याचा त्यांचा कार्यक्रम होता. १९७३ साली लष्कराने त्यांची राजवट उलथली. पुढे चिली ही खुल्या बाजाराची प्रयोगशाळा झाली आणि तेथील मुले लठ्ठपणात जगात वरच्या क्रमांकांत गेली. त्याच देशाने २०१६ साली कायदा अमलात आणला: मीठ, साखर, संपृक्त चरबी वा उष्मांक ठरावीक मर्यादेबाहेर असतील तर पुडीच्या दर्शनी भागावर काळा अष्टकोनी शिक्का, अशा मालाची मुलांना उद्देशून जाहिरात बंद, शाळेत विक्री बंद. मेक्सिकोने २०२० साली तसेच शिक्के आणले. आपल्याकडे मात्र २०२२ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तारे देण्याची योजना पुढे केली. म्हणजे घातक पुडीलाही एखादा तारा मिळावाच! सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या एप्रिलात दर्शनी इशाऱ्याबाबत तीन महिन्यांत शिफारस करण्यास सांगितले. ती मुदत पुढे वाढवून देण्यात आली.

कायदे अजिबात नाहीत असेही नाही. महाराष्ट्र शासनाने २०१७ च्या मे महिन्यात शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ हद्दपार करण्याचा आदेश काढला. प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरांच्या आत त्यांची विक्री करता येत नाही. खेड्यात शाळा आणि टपरी यांची भिंत पुष्कळदा एकच असते. तेथे पन्नास मीटर कोणी मोजायचे? आणि आणखी एक गोष्ट: पुडीवरील मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की कायद्याचे समाधान होते. मराठीची सक्ती नाही. मराठीच्या नावाने दुकानांच्या पाट्या बदलायला लावणाऱ्यांनी ही पाटीही एकदा वाचून पाहावी.

आपल्या कार्यकर्त्यांनाही थोडे बोलले पाहिजे. आमच्या शिबिरांत दुपारच्या चहाबरोबर फरसाणाची वेष्टने फोडली जातात आणि त्यावर बसून अन्नसुरक्षेचे ठराव लिहिले जातात. फुटाणे, चुरमुरे, गूळ-शेंगदाणे यांना काय झाले? राष्ट्र सेवा दलाच्या जुन्या शाखांवर तेच चालत होते आणि कोणी उपाशी राहिल्याचे ऐकिवात नाही.

ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा सर्वांना ठाऊक आहेत. येत्या ग्रामसभेपूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या गावातील अथवा वस्तीतील शाळा व अंगणवाडीपासून पन्नास मीटरांच्या आत किती दुकाने पुड्या विकतात, हे पावलांनी नव्हे तर फितीने मोजावे. शाळेत अंडे अथवा केळे आजमितीस मिळते की नाही, शेवटचे कधी मिळाले, हे मुख्याध्यापकांना लेखी विचारावे. पाच निरनिराळ्या पुड्यांवरील वजन, मीठ व चरबीचे आकडे, आणि मराठी आहे की नाही, याची नोंद करावी; बिननावाची पुडी असेल तर रिकामे वेष्टनच जोडावे. या नोंदी तालुकावार आमच्याकडे आल्या की त्या एकत्र करून अन्न व औषध प्रशासनापुढे आणि शालेय शिक्षण खात्यापुढे ठेवण्यात येतील. ऊसतोडणीच्या टोळ्या ज्या तालुक्यांतून बाहेर पडतात, तेथील साथींनी टोळ्या निघण्याच्या आत हे काम उरकावे. एकदा कोप्या फडावर गेल्या की त्यांतील पोरे कोणत्याच शाळेच्या पटावर सापडत नाहीत.